कोरडवाहू

डिसेंबरच्या चार तारखेला, सांजेच्या तफिलेत
बाबांच्या तोंडी एक मागणं वाढायचं.
दव दे आणि पाऊस दे,
एवढंच.
बोरखडीच्या जिनिंगसमोर तेव्हा गाड्यांची रांग,
आणि शिवारभर फुटलेली बोंडं,
वेचायची राहिलेली.

पंचफुलाबाई सरकी न्यायला आली होती.
मी आठ-नऊ वर्षांची, जीभ सैल,
सांगून बसले, बाबा पाऊस मागतात.
ती दारातच थांबली.
"काहून जी फिटरसाहेब,
माह्या कापसानं तुमचं काय घोडं मारलं?"

बाबा हसले नाहीत. कायद्याची गोष्ट होती.
हा इथला पाऊस नव्हे बाई, तिकडचा.
हंगाम तिथला, शब्द तिथल्या हंगामाचे.
आपला जून-जुलैचा मी मागतो ना,
पण तो दुसऱ्या जागी,
जिथे ज्याने त्याने आपलं गाऱ्हाणं घालायचं, तिथे.
तो खाजगी अर्ज.
हा सगळ्यांचा.

"अन तिथं कोन ऱ्हायते तुमचं?"
कोणी नाही, म्हणाले.

आडनाव थळकर, आणि थळ त्यांनी दोनदाच पाहिलेलं.
पश्चिमेला तोंड करून उभे राहायचे,
समोर जिनिंगचं धुराडं,
त्याच्या बऱ्याच मागे थळचा समुद्र,
आणि समुद्रापलीकडे ती जमीन
जिला सातव्या वर्षी नांगर लावायचा नाही,
जिचा कोपरा कापायचा नाही, तो गरिबाचा,
जी, बाबा सांगायचे,
मालकालाही कूळच समजते.

पंचफुलाबाईला यातलं एकच विचारायचं होतं.
"पाट-कालवा नाही का तिथं?"
नाही. तो मिसरात. इथे डोंगर, दऱ्या.
आभाळ देईल तेवढं पिते ती,
म्हणून तर वर्षाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
देवाचे डोळे तिच्यावर.
बाबा तिकडच्याला इथे म्हणाले होते.
त्यांच्या लक्षात आलं नाही.
"म्हंजे कोरडवाहू," ती म्हणाली,
आणि पोतं डोक्यावर घेतलं.
"तशी तं आमचीबी हाय."

त्या साली अकरा तारखेला अवकाळी आला.
दोन रात्री.
रुई पिवळी पडली, झाडावरच सरकीला कोंब.
रविवारी बाबा मला घेऊन तिच्या वावरात गेले,
चिखलात वाकून दिवसभर वेचणी केली.
कोणी काही बोललं नाही.
फक्त निघताना ती म्हणाली,
"पत्ता नीट सांगत जा जी त्याले."

मागणं त्यांनी सोडलं नाही,
सोडता येत नव्हतं.
हळू म्हणू लागले,
इतकं हळू की मला नुसते ओठ दिसायचे.

पुढे बेनमिन तिकडे गेला, अश्दोदला.
पहिल्या खेपेला माती घेऊन आला,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.
बाबांनी ती चहाच्या डब्यामागे ठेवली.
डोळ्यांवर घालायची, म्हणाले,
आणि बावीस वर्षं तो विषय काढला नाही.

ऑगस्टात गेले. नाल्याला पूर.
दहा पुरुष जमले नाहीत, नागपूरहून तिघेच पोचले.
जिनिंगच्या शेठनं भिंतीलगतची पट्टी दिली.
बाटलीचं बूच निघेना, दाताने काढलं.
मला वाटलं होतं, लाल असेल,
किंवा काहीतरी चमकेल तिच्यात.
पंचफुलाबाई, कमरेत वाकलेली, डोकावली.
"ही तं पांढरी व्हय," म्हणाली.

शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी,
हे बोरखडीत कोणाला सांगावं लागत नाही.
चिमूटभर डाव्या पापणीवर ठेवली,
चिमूटभर उजव्या.
मग वरून काळी पडत राहिली,
ओली, फावड्याला चिकटणारी,
सुदामला ती दर वेळी हाताने निपटावी लागत होती.

यंदा चार तारखेला मी उभी राहिले, पश्चिमेला.
धुराडं आता नाही.
पंचफुलाबाईची सून अंगणातल्या कापसावर
ताडपत्री ओढत होती.
"ताई, मागून झालं का तुमचं?"
अजून नाही, म्हटलं,
आणि तिची चारही टोकं बांधून होईपर्यंत
थांबले.