कोरडे नऊ दिवस

सप्टेंबरात डंडीच्या नगरपालिकेने
आमच्या विद्यापीठाला एक प्रश्न धाडला, शिक्क्यानिशी:
घरांना ओल का येते?
उत्तर अकरा आठवड्यांत, वीस पानांत,
शक्य तर आलेखासह.

आम्ही चौघं. स्ट्रूअनला आकडे कळत,
मोरागला माणसं.
हरारेहून आलेल्या टापिवाला फक्त थंडी कळायची,
असं तोच म्हणे.
मला टंकता यायचं.

पालिकेचं उत्तर तर आधीच छापून तयार होतं,
घडीच्या पत्रकात, हसऱ्या कुटुंबाच्या चित्राखाली:
कपडे आत वाळवू नका. भांड्यावर झाकण ठेवा.
खिडकी उघडी ठेवा.
बाहेर उणे तीन, आणि नदीवरून येणारा वारा.

तेवीस घरांत आम्ही तेवीस डब्या ठेवल्या,
काडेपेटीएवढ्या, पांढऱ्या,
दर दहा मिनिटांनी हवा चाखून
आकडा लिहून ठेवणाऱ्या.
भिंती न विचारताच बोलत होत्या.
पाळण्यामागे काळे नकाशे;
एका पोराने त्यातल्या एका डागाला
नाव दिलं होतं, कुत्र्याला देतात तसं.

अकराव्या मजल्यावर सेंगा पेट्री.
तारुण्य घड्याळांच्या कारखान्यात गेलेलं.
त्यांनी डबी दोन्ही हातांत घेतली.
"महाग असेल ना?"
चाळीस पौंड, स्ट्रूअन म्हणाला.
"जपेन मी."
आम्हाला वाटलं, बोलायची रीत.

डिसेंबरात आकडे उतरवले.
बावीस रेषा डोंगरासारख्या चढलेल्या,
तेविसावी सपाट.
नऊ दिवस, जणू वाळवंटातलं घर.
स्ट्रूअन दोन रात्री झोपला नाही.
हीटर? त्यांचं मीटर तर कोपऱ्यावरच्या दुकानात
पाच-पाच पौंडांनी भरलं जायचं.
वाऱ्याची दिशा? भिंतीची जाडी?
त्याने तीन पानं तर्क लढवले,
'अनुकरणीय रहिवासी' अशी एक चौकटही आखली.

मोराग म्हणाली, अरे, जाऊन विचारू या की.

सेंगाबाई उठल्या,
स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून
बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.
डब्यात रुमाल. रुमालात तांदूळ.
तांदळात आमची डबी.
"इथे सगळं कुजतं हो," त्या म्हणाल्या.
"विद्यापीठाची वस्तू. धड परत करायची होती."

लिफ्ट बंद होती. अकरा मजले उतरताना
कुणी कुणाशी बोललं नाही.
सहाव्यावर टापिवा पायरीवर बसला,
बुटाची नाडी बांधत, बराच वेळ.

काढून टाकू ती रेषा, स्ट्रूअन म्हणाला,
पद्धतीत बसत नाही.
तीच ठेवू, मोराग म्हणाली, बाकीच्या काढू.
शेवटी टीप क्रमांक सतरा:
'हे घर कोरडे नाही. कोरडा आहे तो डबा.
घरातली एकमेव कोरडी जागा
रहिवाशाने उपकरणाला दिली.'
मी टंकलं. 'दिली' तीनदा चुकलं.

सभेत आम्हाला दहा मिनिटं मिळाली,
कचऱ्यानंतर, पार्किंगच्या आधी.
एका सदस्याने चष्मा कपाळावर चढवून विचारलं:
ही सपाट रेषा कुणाची?
यांना जमतं, तर इतरांना का नाही?
टापिवाने टीप वाचली. फक्त वाचली.
कुणीतरी हसलं, आणि अर्ध्यात थांबलं.

इतिवृत्तात एक ओळ: अहवालाची नोंद घेण्यात आली.
आम्हाला गुण पासष्ट.
शेरा: टीप सतरा विषयाला सोडून, तरी वाचनीय.
एप्रिलात हवा ओढणारे पंखे आले,
आठव्या मजल्यापर्यंत.
तिथे निधी संपला.

डबी द्यायला सेंगाबाई स्वतः आल्या,
दोन बस बदलून.
आमच्या सांगण्यावरून त्यांनी ती नंतर
पलंगामागे लावली होती,
आणि तिच्या पांढऱ्या कडेला
मोहरीएवढा काळा ठिपका आला होता.
"माफ करा," त्या म्हणाल्या, "मी बोलले होते जपेन म्हणून."

भांडारातल्या माणसाने ठिपका अंगठ्याने पुसून पाहिला.
गेला नाही.
वहीत लिहिलं:
वस्तू एक. स्थिती: चालेल.