विल्होळीचा आकडा

संध्याकाळी साडेसहाला फोन वाजायचा.
गांगुर्डे, विल्होळी नाका.
नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट आकडा.
मी पेन्सिलीने टिंब द्यायचे,
कालच्या टिंबापासून आजच्या टिंबापर्यंत रेघ,
आणि मग डबा पिशवीत घालून
शरणपूर रोडवर रिक्षा शोधायला निघायचे.

लोक म्हणत, जकात म्हणजे रांग, डिझेलचा धूर,
पावतीखाली सरकवलेली नोट.
खरं आहे, तेही होतं.
नोटेचं टिंब माझ्या कागदावर कधी पडलं नाही,
पण रेघ कुठे चढायला हवी होती आणि चढली नाही
ते मला दिसायचं.
मी बोलले नाही.
हे एकदा लिहून ठेवते.

बाकी शहर मला त्या रेघेनेच शिकवलं.
सातपूरच्या एकाही कारखान्यात मी गेले नाही,
पण पत्र्याच्या गुंडाळ्या कमी आल्या
की कुठली पाळी बंद होणार
हे मला कामगारांच्या बायकांआधी कळायचं.
अंबडच्या एका संपात
रेघ चाळीस दिवस जमिनीलगत सरपटली.
भाजी घेताना मी उगाच घासाघीस करेनाशी झाले.

तांबटांच्या आळीत ठोके वाढायच्या आधी
तांबं माझ्या कागदावर येऊन पोचलेलं असे.
सिंहस्थाच्या वर्षी कागद पुरला नाही,
वरून दुसरा चिकटवला:
साखर, तेलाचे डबे, तंबूचं कापड.
त्याच वर्षी गांगुर्डेंचा अवेळी फोन,
"मॅडम, एका आखाड्याचा हत्ती आलाय, काय लावू?"
मी दरपत्रक चाळलं. हत्ती नव्हता.
"सोडा त्याला," म्हटलं,
"तो काही विकायला आलेला नाही."

वडील गेले तेव्हा तेरा दिवस मी कागदाला हात लावला नाही.
परतले तर टेबलावर
रद्द पावतीच्या पाठीवर तेराही आकडे.
नवव्याच्या शेजारी बारीक अक्षरात:
घाटात ट्रक उलटला म्हणून कमी,
तुम्ही नव्हता म्हणून नाही.

मग एका मे महिन्यात नाके उठले.
आता व्यापाऱ्यानेच सांगायचं, आपण किती आणलं.
रेघ महिन्यातून एकदा, दहा तारखेच्या आसपास जागी होई,
आळोखेपिळोखे देऊन परत झोपे.
पुढे तेही संपलं.
आता मुंबईहून येतं अनुदान,
दरमहा ठरलेलं, वर्षाला आठ टक्के वाढवून.
आलेखात पायऱ्या दिसतात,
नव्या इमारतीच्या जिन्यासारख्या,
सारख्या उंचीच्या, कुणी न चढलेल्या.
दिवाळीला तेवढंच. आषाढातही तेवढंच.
त्या टाळेबंदीच्या एप्रिलात
मेन रोडवर कुत्रंसुद्धा नव्हतं,
तरी माझ्या कागदावर सगळं शहर
दुकानं उघडून बसलेलं.

बरं झालं, सगळे म्हणाले. पगार झाले.
माझाही झाला. मी मोजून घेतला.

निवृत्तीच्या दिवशी जुना गुंडाळा घरी आणला.
सुनेने विचारलं, हा कुणाचा ईसीजी?
मी काही बोलले नाही, चहा टाकला.

गांगुर्डे आता पाथर्डी फाट्याला राहतात, चौथ्या मजल्यावर,
गॅलरीतून हायवे दिसतो.
कधीतरी साडेसहाला फोन वाजतो.
"आज कंटेनर जास्त आहेत, मॅडम. शंभराच्या वर मोजले."
"कशाचे?"
"ते आता कसं कळणार," म्हणतात,
"दारं बंद असतात."