एकाऐवजी लाभ

उदगीरच्या मोंढ्यात मी मापाडी.
आमच्यात एकाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.
लाभ, दोन, तीन... तुरीचे कट्टे काट्यावर,
मोजणी मोडली की पुन्हा लाभ.
अडते म्हणायचे, गुरुलिंगचं माप चोख.
घरी येताना विजेचे खांबही मोजतो
आणि विषम निघाले तर
पानटपरीपासून मागं वळतो,
हे बायकोलाही ठाऊक नव्हतं.

बसू नऊ वर्षांचा.
रात्री कडी लावतो, काढतो, लावतो.
ओठ हलतात. परवा कान दिला:
लाभ, दोन, तीन.
सातावर ठसका लागला, पुन्हा लाभ.
"नीट नाही लागली तर आई मरंल, अप्पा."
त्याच्याएवढा असताना
हेच वाक्य मी गिळलं होतं.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर
चौकोन काढले, गोल काढले, रेघा ओढल्या.
घरात आणखी कुणाला?
नाही म्हणणार होतो.
मग आजोबा आठवले, मन्मथअप्पा,
वरात दारात खोळंबलेली आणि हे
पटका सोडून पुन्हा बांधतायत.
महानंदाआत्या. बेलाचं पान तिरकं पडलं
की लिंगपूजा पहिल्यापासून,
दुपार कलायची, चूल थंड.
गाव म्हणायचं, काय भक्ती बाईची!

बाईंनी एक चौकोन काळा केला, एक गोल.
पेन माझ्या चौकोनापाशी थांबलं.
त्यांनी वर बघितलं.

करा, म्हणालो.

एकच दाणा नसतो, त्या सांगत होत्या,
पुष्कळ असतात, बारीक,
आईकडचे, बापाकडचे, काही कुणाकडचेच नाहीत.
एकेकट्याचं वजन काट्याला कळत नाही,
आणि सगळे पडले तरी काटा झुकंलच असं नाही.
पटलं मला. कट्ट्यातला कुठला दाणा जास्तीचा,
हे मापाड्याला कोण विचारतं?
तरी नळेगाव येईपर्यंत
मी तोच एक दाणा शोधत होतो,
बसू मांडीवर झोपलेला,
झोपेतही बोटं हलत होती.

गोळ्या आहेत. शिवाय एक अभ्यास:
कडी एकदाच लावायची, निघून यायचं.
भीती आली तर येऊ द्यायची,
हाकलायची नाही, तिचं ऐकायचंही नाही.

काल त्यानं एकदाच लावली
आणि तिथंच उभा राहिला, रडवेला.
तेव्हा मी खांबांचं सांगितलं.
"तुम्हालापण?" एवढ्यानं ओरडला,
की बायको पिठाच्या हातानं बाहेर आली.

रात्री दोघं जागेच.
कडी लागली असंल. नसंलही.
"अप्पा, मोजायलाव का?"
"हो."
"किती झाले?"

मी आकडा सांगितला.
चुकीचा. जाणूनबुजून.
तसाच राहू दिला.