मी नाही घडवला

बाप त्या दिवशी घरी आला तो
हात काखेत लपवून.
मनगटांवर कापडाचे वळ,
हत्यारांची पिशवी रिकामी.

आईनं आधी पिशवीच पाहिली.
बारीक पटाशी, जिच्यासाठी तिनं
दोन मेंढ्यांची लोकर मोजली होती,
ती पुजाऱ्यांनी मेंढीच्या पोटात शिवून
नदीत सोडली, म्हणाला.
करवतही. कोरणीही.
'आणि मेंढी?'
'मेंढीही.'
आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
मेंढी तरी द्यायची घरी.

रात्री गच्चीवर त्यानं मला सांगितलं.
बोर्सिप्पाच्या कालव्यापलीकडे, बागेत,
बोरूच्या खोपीत बसवला होता त्याला.
तूप, मध, खजुराचा पाक लावून
तोंड धुतलं, पुन्हा धुतलं,
पहाटेपर्यंत धुतच होते.
मग कारागिरांना रांगेत उभं केलं,
हात बांधले
आणि झाऊच्या लाकडी सुरीनं
एकेकाचे तोडले.
लाकडाच्या सुरीनं काय तुटतं?
साल निघत नाही काकडीची.
पण म्हणायचं असतं, मोठ्यानं, सगळ्यांदेखत:
मी नाही घडवला.
सोनार म्हणाला. जडाव करणारा म्हणाला.
बापाचं नाव लाबाशी, म्हणजे
माझी मान खाली न जावो.
त्यानं मान खाली घातली
आणि म्हणाला.

टाकीचे घाव देव सोसतो म्हणतात.
मी पाहिले ते बापाच्या अंगठ्यावर.

कारखान्यात भाकरी मीच पोचवायची.
देवाला तेव्हा नाक नव्हतं,
उताणा पडलेला, पोटावर कुणाचा तरी रुमाल.
छातीतल्या गाठीत डांबर भरताना
दिवा मी धरला होता.
आणि डाव्या कानाची पाळी,
ती जरा दुमडलेली, आतल्या बाजूला,
ती रीमूतची.
माझा भाऊ त्याच उन्हाळ्यात तापानं गेला.
बाप त्याबद्दल बोलला नाही.
मीही विचारलं नाही.

मिरवणुकीत आई गर्दीत उभी होती,
कंटाळलेली, पटाशीचा राग अजून मनात.
पालखी समोरून गेली.
तिनं कान पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज देवळात.
पुजारी शेजारणींना सांगायचा,
श्रद्धा असावी तर अशी.

मी मोठी होत होते, जीभही.
एकदा बापाला विचारलंच:
आत झाऊ आहे, डांबर आहे, वर सोन्याचा पत्रा.
खोटाच ना तो?
बाप फळीवर रंधा मारत होता.
म्हणाला, तू कुठून आलीस तेही मला ठाऊक आहे.
म्हणून तू खोटी का?
हे काही उत्तर नाही, मी म्हटलं.
नाही, तो म्हणाला,
आणि भुसा फुंकला.

मग उत्तरेकडून फौज आली.
धान्य गेलं, बैल गेले, तिसऱ्या दिवशी
देवाला गाडीत घातला, पेंढ्यात गुंडाळून.
पुजारी वेशीवर रडत ओरडले,
तो रुसलाय, आपल्या पापांना कंटाळून
स्वतःच्या पायांनी निघालाय!
(पाय गाडीबाहेर लोंबत होते.
डाव्या पायाची करंगळी मी घासली होती वाळूनं.)
सारं गाव छाती पिटत होतं.
खरंच पिटत होतं. मीही.

बाप तेवढा गर्दीतून घुसला पुढं,
भाल्यांच्या खालून, थेट चाकापाशी.
'डावा खांदा! खांद्याला टेकू द्या,
सांधा कच्चा आहे तिथं,
घाई केली त्यांनी, सण जवळ होता,
मी सांगत होतो त्यांना—'

शिपायाला आमची भाषा येत नव्हती.
बापानं दोन्ही हात वर केले,
स्वतःचा खांदा दाबून दाखवला,
मग मोडण्याचा आवाज काढला तोंडानं.
शिपाई हसला.
पेंढ्याची एक पेंडी ओढून
त्यानं खांद्याखाली सरकवली.

गाडी निघाली. आई चाकांमागं चालत राहिली
पदरानं धूळ झटकत,
जिथवर कान दिसत होता तिथवर.