काज-बटण

मला बटणांची भीती वाटते.
विजेच्या नाही, लिफ्टच्याही नाही.
शर्टाच्या.
चार भोकांच्या त्या गोल, थंड, निमूट बटणांची.

हसा.
सगळेच हसतात आधी,
मग नकळत स्वतःच्या गळ्याशी हात नेतात
आणि विचारतात, लहानपणी काही झालं होतं का?

काही झालं नव्हतं.
नायगावच्या खोलीत आत्या काज-बटणाचं काम घ्यायची,
शेकड्यावर दर.
डालड्याच्या डब्यात बटणं.
डबा हलवला की वाळलेल्या वालांसारखी वाजायची.
भाऊ त्यांचे पैसे करून व्यापार खेळायचे,
मी ताट घेऊन गॅलरीत जेवायचे.
इतकंच.
कुणी गिळलं नाही, कुणी गुदमरलं नाही.
आत्या तर जीव लावायची,
फक्त गालावरून हात फिरवला
की बोटांना त्या डब्याचा वास यायचा.

दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो,
ते लोकांना कळतं.
माझं तोंड कधी पोळलंच नाही.
मी नुसतीच फुंकत बसलेय
बेचाळीस वर्षं.

लग्न ठरलं तेव्हा श्रीरंगला सांगितलं.
तो काही बोलला नाही.
दुसऱ्या आठवड्यात नाडीच्या गळ्याचे सहा कुर्ते आणले.
सासूबाईंना वाटलं, मुलगा अध्यात्माला लागला.

मग एका सकाळी, सात वाजून दहा मिनिटांनी,
अद्वयच्या गणवेशाचं बटण तुटलं,
टणटणत फ्रिजखाली गेलं
आणि मी स्टुलावर.
खाली स्कूलबसचा हॉर्न.
शेजारच्या लोबोबाई गाउनवरच धावत आल्या,
दातानं दोरा तोडून मोकळ्या झाल्या.
जाताना अद्वय म्हणाला,
आई, ते चावत नाही.
माहितेय रे.
माहीत असणं आणि न भिणं,
परळ आणि प्रभादेवीसारखी समोरासमोर आहेत.
मधला पूल पाडलाय.

डॉक्टर केळुसकरांच्या दारातच मी थांबले.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं,
उठले, कोट बाहेर खुंटीला लावून आले.
आतला शर्टही बटणांचाच होता.
त्यावर त्यांनी एक फाइल धरली, छातीशी,
पाऊण तास.
त्या पाऊण तासात ते काय बोलले
त्यातलं अर्धंच ऐकू आलं.
म्हणाले, आत एक जुना वॉचमन आहे तुमच्या.
कधीतरी कुणीतरी त्याच्या हातात
चुकीच्या माणसाचा फोटो दिला.
तो बिचारा अजून ड्युटी करतोय.
त्याच्यावर ओरडू नका. त्या माणसाशी त्याची ओळख करून द्या,
रोज थोडी.

मग कागद. शून्य ते शंभर.
बटण हा शब्द लिहिणं : वीस.
चित्र : पस्तीस.
काडेपेटीत बंद, टेबलाच्या पलीकडे : साठ.
तळहातावर : नव्वद.
शंभरच्या पुढे काय लिहायचं ते मला ठाऊक होतं.
जीभ टाळूला चिकटली. जागा रिकामी ठेवली.

अकराव्या आठवड्यात,
घरात कुणी नसताना, काडेपेटी उघडली.
शाळेचं पांढरं बटण. फ्रिजखालचं तेच,
एका भोकात अजून निळा धागा.
तळहातावर घेतलं.
मानेला घाम, कानात कुकर.
भीती उभी राहिली.
तशीच उभी राहिली, खूप वेळ,
समोरच्या टॉवरच्या क्रेनची सावली
खिडकीच्या एका गजावरून दुसऱ्या गजावर जाईपर्यंत.
मग तिचे पाय दुखले असावेत.
बसली नाही. टेकली जराशी.

मी बटण परत पेटीत ठेवलं,
हात साबणानं तीनदा धुतले.
गणवेशाचं दुसरं बटण तुटलं परवा,
तेही लोबोबाईंनीच लावलं.

सुईत दोरा मी ओवून दिला.