शून्य पाणी

पहाटे साडेपाचला टेम्पोतला बर्नर
आधी खोकतो, मग डिझेलचा वास सोडतो, मग घुमू लागतो.
टाकीत सहाशे लिटर.
आमच्याच विहिरीचं, जांभ्यातून झिरपलेलं पाणी,
पडद्यातून दाबलेलं, रेझिनच्या नळकांड्यातून गाळलेलं,
आत होतं नव्हतं ते काढून घेतलेलं:
लोह, चुना, ती तांबूस चव.
मीटर बुडवला की तीन शून्यं उमटतात.
कोचरेकर म्हणतो, हेच आपलं भांडवल, सांडू नको.

शिरोड्याच्या सुरूबनापाठी हॉटेल,
समुद्राकडे तोंड केलेल्या चौऱ्याऐंशी काचा.
समुद्र रात्रभर बारीक बारीक थुंकतो,
सकाळी बोट फिरवावं तर चरचर.
नुसतं मीठ गार पाण्यानेही जातं.
पण फाल्गुनात मोहरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा
वाऱ्यावर येऊन बसतो,
त्यावर काजूच्या भट्टीची काजळी,
त्यावर एखाद्या घारीची सही.
त्याला ऊनच लागतं.

टाकीपाशी साठ अंश.
शंभर मीटर पाइप, मग माझी काठी,
तिसऱ्या मजल्यावरच्या ब्रशात पोचेतो
बाळंतिणीच्या न्हाणीइतपत उरतं.
मान मागे टाकून मी खालून घासते,
चिकटा आधी पांढुरका होतो,
मग कडा सोडतो, मग सगळाच सुटून ओघळतो
माझ्या बाहीत.

जानेवारीत एकशे सातची काच गेली माझ्या हातून.
रात्रीची गारठलेली, कोपऱ्यात तडा होताच,
मला दिसला नाही.
टक्क.
इतकाच आवाज. पगारातून तीन हप्ते.
तेव्हापासून आधी कोपरे बघते, मग उजेड.

लोबोबाई पहिल्या दिवशी
जुनं वर्तमानपत्र चुरगाळून मागून आल्या,
"पुसणार नाय तू?"
मी त्यांचा हात धरला.
नाही बाई. असंच सोडायचं.
थेंब उतरतील, सुकतील,
मागे ठेवायला त्यांच्याकडे काहीच नाही.
त्या उभ्या राहिल्या, पूर्ण सुकेपर्यंत,
मग तो कागद नीट सपाट करून
बातमी वाचत निघून गेल्या.

आप्पा तेहतीस वर्षं मिठागरात होता.
फळीने मीठ ओढायचा, ढीग लावायचा,
टाचांच्या भेगांत अजून पांढरं असेल थोडं.
एका रविवारी टाकीचा नळ सोडून
त्याने ओंजळ भरली, तोंडात घोळवली,
आणि थुंकली.
"ह्यां कसला पाणी गो? ह्येका चवच नाय."
चव नाही म्हणून तर पैसे मिळतात, मी म्हटलं.
तो आत गेला, पेला आणला, भरला,
चिमूटभर मीठ टाकलं, बोटाने ढवळलं,
"आता घाल तुजा यंत्र."
आकडा धावत सुटला,
नऊशे नव्व्याण्णवपाशी दमून थांबला,
त्यापुढे त्याला मोजताच येत नाही.
आप्पा इतका हसला की ठसका लागला,
आणि त्याच पेल्याने त्याने चूळ भरली.

गुरुवारी परत शिरोडा.
एकशे सातला नवी काच बसलीय,
कंपनीच्या स्टिकरचा गोंद तिच्यावर अजून तसाच,
साठ अंशालाही निघत नाही.
कोचरेकर म्हणतो, पासष्ट करून बघ.