दोन इंच माया

सातारा रस्त्यावर प्रत्येक गतिरोधकाला रिक्षा आदळली
तरी ऋजुता ओरडली नाही,
माझ्या पदराचं टोक दातात धरून बसली होती.
नऊ वर्षांची. मला वाटलं, कालची भेळ बाधली.

रात्री दीडला डॉक्टर भडकमकर बाहेर आल्या.
डावं अंडाशय, पीळ बसून काळं पडलेलं,
काढावं लागलं.
केसपेपरच्या पाठीवर त्यांनी आकृती काढली,
मला ती बेतलेल्या झबल्यासारखी दिसली,
दोन बाह्या पसरलेल्या.
एकीवर त्यांनी फुली मारली.
"उजवं पुरतं. वेळेवर होईल सगळं.
शरीर मोजत बसत नाही हो, दोन की एक."

मी मोजते. धंदाच तो माझा,
धनकवडीत, शेवटच्या बसथांब्यामागं,
वीस वर्षं, टेप गळ्यात.

जाऊबाई म्हणाल्या, बाहेर बोलू नकोस,
पुढं पोरीला उजवायचीय.
मी म्हटलं, उजवंच तर राहिलंय.
कुणी हसलं नाही. मीही नाही.

मग दर जूनला गणवेश शिवताना
आत दोन इंच माया सोडत गेले.
गिऱ्हाइकांच्या वहीत, मागच्या पानावर
तिची उंची, खांदा, बाही,
पेन्सिलीनं.

तिच्या वर्गातल्या पोरींच्या आया
ब्लाउज टाकायला यायच्या, हळूच सांगायच्या,
आमची झाली बाई शहाणी.
मी मान खाली घालून काजं करायचे.
ऋजुता तिकडं तळजाईच्या उतारावर
ब्रेक न लावता सायकल सोडायची.
पोटावरच्या टाक्यांना ती चेन म्हणायची.

बारा वर्षं, सात महिने.
गुरुवार, म्हणून वीज नाही, मशीन गप्प.
दप्तर कापडांवर टाकून म्हणाली,
"आई, तुझ्याकडं पॅड आहेत ना?
शाळेतलं फार खरखरीत आहे."
एवढंच. आणि पोहे मागितले.
मी टेप शोधत राहिले,
गळ्यातच होती.

"उजवीकडनंच आली असणार," तोंडात घास,
"डावीकडचं ऑफिस बंद आहे."

रात्री वीज आल्यावर
तिच्या स्कर्टची टीप उसवली,
माया सोडली.
आतलं कापड अजून गडद निळं,
बाहेरचं तीन वर्षांत विटलेलं.

सकाळी आरशासमोर वळून वळून बघत म्हणाली,
"आई, रेघ दिसतेय."
दिसू दे, म्हटलं.